नाताळचे दारचक्र : घरातल्या आणि परसातल्या वस्तूंतून

गोव्यात डिसेंबर उजाडला की वाड्यावाड्यांत आधी नक्षत्रे दिसू लागतात. 3 डिसेंबरचे गोंयच्या सायबाचे फेस्त झाले की कामट्या चिरण्याचे, पतंगी कागद चिकटवण्याचे आणि गोठ्यासाठी गवत, माती, दगड जमवण्याचे काम सुरू होते. नक्षत्र आणि गोठा ही आपल्याकडच्या नाताळची जुनी ओळख. दारावर टांगायचे हिरवे गोल चक्र, ज्याला इंग्रजीत रीथ म्हणतात, ते त्यामानाने नवे. गेल्या काही वर्षांत ते ख्रिस्ती घरांच्या दारांवर सर्रास दिसते आणि शाळांतल्या कार्यानुभवामुळे हिंदू घरांतली मुलेही 'उद्या रीथ करून न्यायचे आहे' असे रात्री नऊ वाजता सांगतात. बाजारात मिळते ते बहुतेक प्लास्टिकचे असते. महाग असते आणि दोन पावसाळ्यांत त्याचा हिरवा रंग निळसर पडतो. हा लेख त्याला पर्याय म्हणून, घरात आणि परसात जे आहे त्यातून चक्र कसे करावे याविषयी आहे.

शब्दाविषयी थोडे

मराठीत रीथला सरळ 'पुष्पचक्र' म्हणता येत नाही. पुष्पचक्र आपण वाहतो ते हुतात्म्यांना, समाधीला, पार्थिवाला. गोव्यात तर हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत थडग्यांवर फुलांची गोल चक्रे ठेवली जातात, आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या मनात पांढऱ्या शेवंतीचे गोल चक्र म्हटले की तेच उभे राहते. म्हणून शेजारी भेट द्यायला चक्र करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : भर पानांचा हवा, फुलांचा नको. पांढरी फुले टाळावीत, जांभळी तर नकोतच. हिरवे किंवा तपकिरी चक्र, त्यावर लाल फीत, एवढ्याने ते सणाचे आहे हे लांबून कळते. या लेखात आम्ही 'दारचक्र' हा शब्द वापरला आहे. दारावर तोरण असते तसे दारावर चक्र.

दोन चक्रे, दोन कामे

नाताळशी संबंधित चक्रे दोन प्रकारची असतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. दारावर टांगायचे ते निव्वळ शोभेचे, स्वागताचे. टेबलावर किंवा वेदीजवळ आडवे ठेवायचे ते आगमनकाळाचे, त्यात मेणबत्त्या असतात.

सदाहरित पानांचे गोल कडे हे युरोपातल्या हिवाळ्याशी जोडलेले आहे. तिकडे डिसेंबरात झाडे उघडीबोडकी होतात. तेव्हा पाइन, फर, हॉली यांसारखी जी थोडी झाडे हिरवी राहतात त्यांच्या फांद्या घरात आणायची रीत जुनी. गोल आकाराला आदि नाही, अंत नाही, म्हणून तो अनंतकाळाची खूण मानला गेला. हॉलीच्या काटेरी पानांत ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि लाल फळांत रक्ताचे थेंब पाहिले गेले. चक्रावर लाल रंग येतो तो तिथून.

मेणबत्त्यांच्या चक्राची गोष्ट जास्त नेमकी सांगता येते. जर्मनीत हाम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न हे धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले रोज विचारत. तेव्हा 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर 20 लहान लाल आणि 4 मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक लहान पेटवायची, रविवारी मोठी. मुले दिवस मोजायला शिकली, असेही सांगतात. पुढे ही रीत प्रॉटेस्टंटांकडून कॅथलिकांकडे गेली आणि मेणबत्त्या चारवर आल्या : तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. मध्ये पांढरी ठेवली तर ती नाताळच्या रात्रीची. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, त्यामुळे हे चक्र दारचक्राच्या आधी तयार लागते.

मुद्दा असा की मेणबत्त्यांच्या चक्राचा उगमच मुळी टाकाऊ चाकापासून आहे. ते विकत आणलेच पाहिजे असे मानण्याचे कारण नाही.

सांगाडा

चक्राचा टिकाऊपणा पानांवर नसतो, सांगाड्यावर असतो. तीन सांगाडे सहज जमतात.

पहिला तारेच्या हँगरचा. लाँड्रीतून कपड्यांसोबत येणारा पातळ तारेचा हँगर दोन्ही हातांनी ताणून गोल करावा. साधारण 25 ते 28 सेंमी व्यासाचे कडे मिळते आणि अडकवायला आकडा आयताच असतो. आकार नीट येत नसेल तर भाताच्या टोपावर दाबून वळवावा. तार नुसतीच ठेवली तर पाने तिच्यावरून घसरतात. म्हणून जुन्या सुती साडीच्या किंवा धोतराच्या दोन बोटे रुंद पट्ट्या तिच्यावर घट्ट गुंडाळाव्यात. तारेला पकड येते आणि गंजाचे डागही दारावर पडत नाहीत.

दुसरा पुठ्ठ्याचा. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यातून बाहेरून 30 सेंमी आणि आतून 18 सेंमी व्यासाची दोन कडी कापावीत. जेवणाचे ताट आणि त्याहून लहान ताटली उपडी ठेवून पेन्सिल फिरवली की मापे येतात. दोन्ही कडी एकमेकांवर चिकटवताना एकाच्या नाली आडव्या आणि दुसऱ्याच्या उभ्या येतील असे पाहावे. असे केले नाही तर आपल्याकडच्या दमट हवेत कडे आठवड्यात पापडासारखे वाकते.

तिसरा वर्तमानपत्राचा, आणि आमच्या मते सर्वांत चांगला. मोठ्या आकाराची आठ-दहा पाने घ्यावीत. एकेक पान कोपऱ्यापासून तिरके गुंडाळून लांब दोर करावा, त्यात दुसऱ्याचे टोक हातभर आत सरकवून लांबी वाढवावी, आणि असे तीन-चार दोर एकत्र पिळून गोल जोडावेत. वरून सुतळीने तिरके आवळत जावे. मनगटाएवढे जाड, वजनाला हलके कडे तयार होते. याचा मोठा फायदा म्हणजे त्यात हीर टोचता येतो. पत्रावळ टाचतात तसे पान ठेवून हिराचा तुकडा टोचला की पान बसले. गोंद नको, गरम गोंदाची बंदूक तर नकोच.

परसात मधुमालती असेल आणि पावसाळ्यानंतरची छाटणी व्हायची असेल तर चौथा मार्गही आहे. ओल्या लवचीक वेलीचे चार-पाच वेढे एकमेकांत गुंफत फिरवले की वेगळा सांगाडाच लागत नाही. वेल सुकताना थोडी आकसते, म्हणून वेढे देऊन दोन दिवस सावलीत ठेवावे आणि मग सुतळीने पुन्हा आवळावे. गुळवेलही चालते, पण ती सहजी मरत नाही. दारावर टांगलेल्या चक्राला नवी पाने फुटलेली दिसली तर नवल मानू नये. बोगनवेल काट्यांमुळे टाळावी.

पाने

इथे आपल्याकडची माणसे युरोपातल्या माणसांपेक्षा पुढे असायला हवीत. ज्या घरात दरवर्षी गणपतीवर माटोळी बांधली जाते, त्या घराला रानातले काय किती दिवस टिकते हे वेगळे शिकवावे लागत नाही. केळीच्या सोपाचा दोर, केवणीच्या सालीचा दोर, फांदी कुठे आवळली म्हणजे सुकल्यावर सैल पडत नाही, हे सगळे ज्ञान चतुर्थीला वापरून आपण वर्षभर माळ्यावर ठेवून देतो. दारचक्राला तेच लागते.

आंब्याची पाने तोरणाला ठीक, चक्राला नाहीत. तीन-चार दिवसांत ती वळतात आणि तोरण रोज बदलता येते तसे चक्र बदलता येत नाही. फणसाची पाने मात्र उत्तम. जाड, चामड्यासारखी असतात. झाडाखाली पडलेली तांबूस-पिवळी पाने निवडावीत, पुसून वर्तमानपत्रात दाबून वर पाटा किंवा दोन विटा ठेवाव्यात. चार दिवसांनी ती सपाट राहून तपकिरी होतात आणि मग महिनाभर त्यांना काही होत नाही. पुठ्ठ्याच्या कड्यावर ती कौलांसारखी लावावीत : बाहेरची ओळ आधी, प्रत्येक पान आधीच्या पानावर अर्धे चढलेले, मग आतली ओळ बाहेरच्या ओळीची देठे झाकणारी. वरच्या मापाच्या कड्याला 50 च्या आसपास पाने लागतात.

जंगली बदामाचे झाड जवळ असेल तर आणखी चांगले. त्याची मोठी पाने हिवाळ्यात गळण्यापूर्वी तांबडीलाल होतात आणि नेमकी नाताळच्या सुमारास खाली पडू लागतात. रंग विकत आणायला नको. मात्र ही पाने सुकल्यावर ठिसूळ होतात, म्हणून फणसाच्या पानांमध्ये पाच-सहा घालावीत, सगळे चक्र त्यांचे करू नये.

हिरवेच हवे असेल तर किनाऱ्यालगतचा सुरू हा आपला पाइन. लांबून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. वाऱ्याने पडलेल्या फांद्या पुरतात. 12 ते 15 सेंमीचे तुकडे करून तीन-चार तुकड्यांची जुडी करावी, कड्यावर ठेवून सुतळीने तीन वेढे द्यावेत. पुढची जुडी अशी ठेवावी की तिचे शेंडे आधीच्या जुडीच्या देठांवर येतील. सुतळी मध्ये तोडायची नाही, आणि सगळ्या जुड्या एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत. नवखी माणसे अर्ध्यात दिशा बदलतात आणि मग चक्राला भांग पाडल्यासारखे दिसते. 15 ते 18 जुड्यांत चक्र पुरे होते. सुरू आठ-दहा दिवस हिरवा राहतो, मग सुकून गळू लागतो, तेव्हा हे काम 18-20 डिसेंबरच्या आधी करू नये. त्याची बोराएवढी काटेरी फळे झाडाखाली खच पडलेली असतात, तीही गोळा करून ठेवावीत.

माडाची कोवळी पाती तर हाताशीच असतात. झावळांच्या आयताराला याच पात्यांचे विणलेले क्रूस घरोघरी येतात. तीन पात्यांची साधी वेणी घालून ती कड्याभोवती गुंडाळली तरी सुंदर दिसते. ताजी असताना पोपटी, सुकल्यावर गव्हाळ.

फांद्या तोडण्याविषयी दोन शब्द. गोव्यात 1984 पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी एका चक्रासाठी झाड ओरबाडण्याचे कारण नाही. पडलेले आणि छाटलेले पुरते. अभयारण्यातून तर पडलेलेही उचलू नये.

लाल रंग कुठून आणावा

यात सावधगिरीची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. लाल मणी म्हटल्यावर पुष्कळांना गुंजा आठवतात. रानात डिसेंबर-जानेवारीत गुंजेच्या शेंगा उकललेल्या असतात, दिसायलाही देखण्या. पण गुंज जहाल विषारी आहे. चावली गेली किंवा फुटलेली गिळली गेली तर एखादी बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. दारचक्र मुलांच्या नजरेसमोर लटकते आणि त्याचे मणी खाली पडतातच. गुंज वापरूच नये. तशीच कण्हेरीची पाने आणि रुईचा चीकही या कामात नको.

त्याऐवजी सुकी लाल मिरची घ्यावी. काणकोणच्या खोला गावची मिरची तिच्या भडक रंगासाठी प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घरात जी असेल ती चालेल. देठाशी दोरा ओवून पाच-सात मिरच्यांचा घोस करावा आणि चक्राच्या तळाशी बांधावा. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डोळे चोळू नयेत. मुलांना हे काम देऊ नये. शिवाय मिरचीचा घोस लिंबू-मिरचीसारखा दिसू नये म्हणून तो सुटा न लोंबवता पानांत खोचावा, नाहीतर येणारे जाणारे दृष्ट काढली का म्हणून विचारतील.

मिरची नको असेल तर जुन्या गळसरीचे लाल मणी, ब्लाउजची उरलेली बटणे, तुटक्या माळा आहेत. बांगडीवाल्याकडच्या नव्हे, घरातल्या मापाला न येणाऱ्या हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या तीन-तीन एकत्र बांधल्या की प्लास्टिकच्या चेंडूंपेक्षा जास्त चमकतात. खड्या मसाल्यातले दालचिनीचे दोन तुकडे आणि चक्रीफूल लावले तर दार उघडताना वास येतो. संत्र्याच्या सुकवलेल्या चकत्या परदेशी चित्रांत छान दिसतात, पण आपल्या हवेत त्या नीट सुकत नाहीत आणि मुंग्या येतात. आमचा सल्ला, त्या नादाला लागू नका.

घंटेसाठी लहान नारळाची डोळ्यांकडची करवंटी वापरावी. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यातला एक मऊ असतो. तो सळईने मोकळा केला की भोक तयार. आतून गाठ मारून दोर वर काढायचा, गाठीच्या खाली एक मोठा मणी लोंबवायचा. करवंटी आधी काचेने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्यावी. एकच घंटा लावावी, दोन लावल्या तर पुठ्ठ्याचे कडे वजनाने खाली ओढले जाते.

फीत आणि डिंक

फीत विकत आणू नये. जीर्ण साडीचा जरीकाठ आपल्याकडे कोणाच्या कपाटात नसतो? 5 सेंमी रुंद आणि 60 सेंमी लांब पट्टी घेऊन दोन कान दुमडावेत, मधोमध दोऱ्याने आवळावे, गाठीवर त्याच काठाचा छोटा तुकडा गुंडाळून मागे दोन टाके घालावेत. लाल खणाचे फुलही शोभते. काठ जड असेल तर फीत तळाशी लावावी, वर लावल्यास चक्र फिरते. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, तुळशीच्या लग्नातून उरलेला बेगडी कागद, मोडलेल्या नक्षत्राच्या कामट्या यांतूनही पुष्कळ निघते. चार कामट्यांचे चिमुकले नक्षत्र चक्राच्या मध्ये टांगले तर ते ताबडतोब गोव्याचे होते.

चिकटवायला मैद्याची खळ पुरते : 2 चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावा. पूर्वी झुरळे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत, पण तो विषारी आहे, घरात लहान मुले असताना घालू नये. खळ वाळायला आपल्या हवेत पूर्ण दिवस लागतो. जड वस्तू मात्र चिकटवू नयेत, बांधाव्यात. सुतळीचा गुंडा आणि डिंकाची छोटी बाटली विकत घ्यावी लागली तरी सगळा खर्च 100 रुपयांत भागतो.

टांगणे

तयार चक्र एक रात्र घरातच खिळ्याला टांगून ठेवावे. जे सुटायचे, ओघळायचे, ते त्या रात्री सुटते. सकाळी पुन्हा आवळून मग दारावर न्यावे. जुन्या सागवानी दाराला खिळा ठोकण्याची गरज नाही. कापडाची लांब पट्टी दारावरून पलीकडे घ्यायची आणि आतल्या बाजूला वरच्या कडेला टाचणीने दाबायची. उघड्या बल्कांवावर दव पडते, म्हणून पुठ्ठ्याचे चक्र आतल्या दारावरच टांगावे. दार आपटले की खालचा भाग फळीवर घासतो, तिथे मागच्या बाजूला जुन्या मोज्याचा तुकडा शिवून टाकावा.

दारचक्रावर मेणबत्ती लावू नये, पणतीही नाही. सुकलेला सुरू आणि कागदाचे कडे म्हणजे पेटवायला तयार चूड आहे. दिव्यांची माळ लावायची असेल तर बॅटरीवरची लहान एलईडी माळ लावावी.

आगमनकाळाचे चक्र करायचे असेल तर ते वेगळ्या पद्धतीने करावे. रुंद पितळी ताटात दोन बोटे वाळू पसरावी, चार पणत्यांत मेणबत्त्या घट्ट बसवून त्या वाळूत रोवाव्यात, आणि ताजी हिरवी पाने ज्योतीपासून वीतभर खाली, ताटाच्या कडेनेच ठेवावीत. पाने दर रविवारी बदलावीत. जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्या चालतात, रंगाची खूण म्हणून पणतीलाच बाहेरून रंग द्यावा. मेणबत्तीला कागद किंवा फीत गुंडाळू नये.

शेजारी द्यायचे असेल तर

नाताळला आपल्याकडे शेजारून दोदोल, नेवऱ्या, कुलकुलांचे ताट येते आणि ते ताट रिकामे परत करायचे नसते. चतुर्थी-दिवाळीला आपला फराळ तिकडे गेलेला असतो, त्यामुळे हिशेब तसा फिटलेलाच असतो, पण घरी केलेले चक्र घेऊन गेले तर ते आवडते. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत द्यावे. त्या संध्याकाळी घर मध्यरात्रीच्या मिसाच्या तयारीत असते. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असेल तिथे मात्र चक्र नेऊ नये. शोकातल्या घरी नाताळ साधेपणाने होतो. आपण फराळाच्या बाबतीत जे पाळतो तेच इथे पाळायचे.

नाताळची आरास 6 जानेवारीपर्यंत, म्हणजे रेइश मागुश, कासावली, चांदर इथल्या तीन राजांच्या फेस्तापर्यंत ठेवण्याची रीत आहे. त्यानंतर चक्र उतरवून सुतळी सोडावी, पाने माडाच्या अळ्यात टाकावीत. मिरच्या धूळ खाल्लेल्या असतात, त्या स्वयंपाकात घेऊ नयेत. बांगड्या, मणी, फीत डब्यात भरून ठेवावीत. कडे कागदाचे असेल तर पावसाळ्यापूर्वी दोन दिवस उन्हात तापवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि चुलीच्या किंवा स्वयंपाकघराच्या बाजूच्या माळ्यावर, जिथे ऊब असते तिथे ठेवावे. हँगरच्या कड्याला एवढेही लागत नाही, त्यावरच्या पट्ट्या तेवढ्या धुऊन घ्याव्यात.